कापसाच्या खोलीतलं इंग्रजी

बाळांनो,

मागच्या रविवारी तुम्ही मला तुमच्या ओट्यावरच्या त्या बोलक्या डबीला प्रश्न विचारायला लावलंत. मी इथून, अंबाजोगाईहून, फोनच्या पडद्यातून इंग्रजीत विचारलं, की तुमच्याकडे उद्या पाऊस आहे का. डबीनं लगेच उत्तर दिलं. तुमच्यातली धाकटी ओरडली, "आजी, तुझं तिला एका फटक्यात कळलं! बाबांना तर तिला किती वेळा सांगावं लागतं." तुम्ही सगळे हसलात. तुमची आई हसली नाही. तिनं पडद्यातून माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे पाहिलं, आणि आम्हा दोघींना एकाच वेळी कापसानं भरलेली एक खोली आठवली.

माझ्या घरात सगळं जागच्या जागी असतं, हे तुम्ही सुट्टीत पाहिलं आहे. कपाटाच्या किल्ल्यांपासून लोणच्याच्या बरणीपर्यंत जे जिला द्यायचं ते मी ठरवून ठेवलं आहे. ही गोष्ट तेवढी द्यायची राहिली होती. तुमची आई ती तुम्हाला सांगणार नाही, कारण तीत तिच्यावर आळ आला होता. मराठी वाचताना अडलात तर तिलाच वाचून दाखवायला सांगा. खरं म्हणजे तेवढ्यासाठीच मराठीत लिहिते आहे.

देश उघडा होतो आहे, असं तेव्हा वर्तमानपत्रं म्हणत. आमच्याकडे तो उघडला म्हणजे बसस्टँडसमोर एसटीडीचा बूथ आला, गच्च्यांवरून केबलच्या तारा गेल्या, आणि रॉकेलच्या दुकानाच्या जागी कॉम्प्युटर क्लासची पाटी लागली. तुमची आई इंजिनिअर होऊन पुण्याला पुढचं शिकत होती. तिचा विषय तिनं मला जेवताना समजावून सांगितला. माणसाचं बोलणं ऐकून यंत्रानं शब्द लिहून काढायचे. बाहेरच्या देशात बनलेली यंत्रं तिकडच्या लोकांचं इंग्रजी ओळखत, आपलं ऐकलं की गोंधळत. म्हणून यंत्रानं आधी बोलणारा कुठला ते ओळखावं आणि मग शब्दांकडे वळावं, असं तिच्या सरांचं म्हणणं होतं. तमिळ माणसासाठी एक कान, बंगाली माणसासाठी दुसरा, मराठी माणसासाठी तिसरा.

इथवर मला नवल वाटलं नाही. आपणही हेच करतो. आमच्या शेजारी गाद्यांचं दुकान होतं. दारात गिऱ्हाईक येऊन "राम राम" म्हणालं, की गादीवाले तेवढ्यावरून गाव ओळखून विचारत, "पाव्हणं, युसूफ वडगावकडचे का?" आणि पुढचा सगळा भाव त्याच्या बोलीत करत. पण हे ओळखणं लोखंडाच्या पेटीला शिकवता येतं, असं माझी मुलगी भाकरी मोडता मोडता सहज म्हणत होती. माझा घास हातातच राहिला.

तिला आपल्या भागातल्या लोकांचे आवाज हवे होते. सरांनी संस्थेतून एक चांगला रेकॉर्डर, माइक आणि सगळ्यांनी वाचायची ठरावीक वाक्यं दिली होती. घरात रेकॉर्डिंग होईना. समोर पिठाची गिरणी, वर पंखा, मागे बोअरची मोटर. गादीवाल्यांना ते कळलं. ते माझे शाळेतले जुने विद्यार्थी. कपाळावर विभूती, दरवर्षी कपिलधारच्या यात्रेला जाणारे, आणि तोंडाचे मोकळे.

"मॅडम, आमची कापसाची खोली बघा की," ते म्हणाले. "त्या खोलीत बसून मी कितीबी वरडलो तरी आमच्या म्हाताऱ्याला ऐकू येत न्हाई. लई आराम असतो."

दुकानामागच्या त्या खोलीत छतापर्यंत कापूस होता. आत पाऊल टाकलं की स्वतःचा आवाजसुद्धा तोंडाजवळच राहायचा. गिरणीची घरघर तेवढी भिंतीतून यायची. त्यावरही उपाय निघाला. तेव्हा रोज दुपारी लाईट जायची. लाईट गेली की गिरणी थांबे, पंखे थांबत, मोटरी थांबत, आणि सगळ्या गल्लीत जुन्या काळासारखी शांतता पसरे. रेकॉर्डर सेलवर चालायचा. साऱ्या बीड जिल्ह्यात लाईट गेल्यावर खूश होणारी तुमची आई एकटीच असेल.

वाचायला आले ते बहुतेक माझेच विद्यार्थी. यात योजना काही नव्हती. गावात इंग्रजी वाचू शकणारे आणि दुपारी घामात बसायला तयार असणारे लोक तेच होते. बँकेतले एक साहेब, एक वकील, दवाखान्यातल्या एक डॉक्टरीणबाई, केजहून शाळेच्या कामासाठी आलेल्या एक शिक्षिका. तेव्हा मराठी शाळेत इंग्रजी पाचवीला सुरू व्हायचं, आणि पाचवीला ते शिकवायला मी होते. त्यांनी आयुष्यात ऐकलेलं पहिलं इंग्रजी वाक्य माझ्या तोंडचं होतं.

तुमच्या आईनं मला आधीच ताकीद दिली. "आई, तू खोलीत यायचं नाहीस. दुकानातसुद्धा थांबायचं नाहीस. तू दिसलीस की हे लोक परीक्षा असल्यासारखं वाचतील."

मी घरी शेंगा फोडत बसले. आत काय झालं ते गादीवाल्यांनी संध्याकाळी साग्रसंगीत सांगितलं. पहिला नंबर त्यांचाच होता.

"ताई, कापसात कावून बसवता? आवाज पिंजून देणार का?"

"काका, नुसतं वाचा. हे पहिलं वाक्य."

पहिलं वाक्य होतं, प्लीज क्लोज द विंडो, द विंड इज कोल्ड.

"आता मे महिन्यात ह्या खोलीत कोल्ड विंड कुठून आणू? आधी घाम पुसू द्या."

"पुसा. आणि बसून वाचा ना."

"बसलोच हाय की."

पण रेकॉर्डरचा लाल दिवा लागला, की त्यांची खुर्ची कर्रकन मागे सरकली आणि ते उभे राहिले. हात पाठीमागे. क्षणभर थांबले आणि मग वाचलं. तुमच्या आईनं पुन्हा बसवलं, पुन्हा दिवा लागला, पुन्हा उभे. बँकेच्या साहेबांनी तेच केलं. डॉक्टरीणबाईंनी तेच केलं. वकिलांनी तर स्पष्ट सांगितलं, "बसून इंग्रजी येत नाही हो मला." शेवटी तिनं सांगणं सोडलं आणि माइक उभ्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवर सुतळीनं टांगला.

आवाज घेऊन ती पुण्याला गेली. दिवाळी झाली. थंडी पडायला लागली असताना एका दुपारी ती न कळवता एसटीनं घरी आली. हातपाय धुतले आणि जेवायला नको म्हणाली. मी ताट झाकून ठेवलं आणि समोर बसले.

"सर सही करणार नाहीत," ती म्हणाली.

तिला बाहेरच्या एका विद्यापीठात जागा मिळाली होती, हे आम्हाला माहीत होतं. त्यासाठी तिचा प्रबंध पुरा होऊन त्यावर सरांची सही लागणार होती, आणि त्यांचं शिफारसपत्रही. ती सही अडली होती.

झालं होतं असं. आपल्याकडचे आणि इतर ठिकाणांहून संस्थेत जमलेले, अशा सगळ्या आवाजांचे गट करायचं काम तिनं यंत्रावर सोपवलं. पुण्याची, नाशिकची, कोल्हापूरची माणसं एकमेकांच्या जवळ बसली. आपली माणसं तिथे बसेनात. यंत्रानं त्यांना उचलून हैदराबादच्या आवाजांत नेऊन ठेवलं. शिवाय ती आपापसांत इतकी सारखी निघाली, की एकाच घरातली भावंडं वाटावीत. सरांनी मग रेकॉर्डिंग स्वतः ऐकलं. प्रत्येकाच्या सुरुवातीला खुर्ची सरकल्याचा आवाज. मग थोडी शांतता. मग वाक्याची तीच चाल. त्यांनी त्यावरून निष्कर्ष काढला, की खोलीत आणखी कुणीतरी होतं. ते माणूस उठायचं, वाक्य वाचून दाखवायचं, आणि बाकीचे त्याच्यामागे म्हणायचे. नंतर तेवढा भाग कापून टाकला होता. मुलीची आई इंग्रजीची शिक्षिका आहे, हे त्यांना ठाऊक होतं.

"भेसळ म्हणाले," तुमची आई म्हणाली. "सगळ्यांच्या देखत."

"खुर्ची त्यांचीच होती म्हणून सांगितलं नाहीस?"

"सांगितलं. ते म्हणाले, मोठी माणसं एक वाक्य वाचायला उभी कशाला राहतील?"

इंग्रजी बसून वाचणारी गावं असतात, हे तोवर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

तुमचे आजोबा झोपाळ्यावर पेपर वाचत होते. ते वकील, तुम्हाला माहीतच आहे. पेपर खाली न घेता मला म्हणाले, "यात विचार कसला करायचा? पुण्याला जा आणि सांग."

"माझं कोण ऐकणार?" मी म्हणाले. "वाचून दाखवल्याचा आरोप माझ्यावरच तर आहे."

"मग आरोपीनं हजर राहावं," ते म्हणाले आणि पान उलटलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी सकाळच्या गाडीनं निघालो. तुमची आई खिडकीला डोकं टेकून डोळे मिटून होती. मी सांगायचं काय ते क्रमानं लावत होते, आणि लावता लावता माझ्या शाळेशी येऊन पोचले.

माझं इंग्रजी हैदराबादचं. लहानपणी आमच्याकडे निजामाचं राज्य होतं आणि मुलीला नीट शिकवायचं म्हणजे हैदराबाद. मला मामाकडे ठेवलं. पुढे राज्य गेलं, शाळा तीच राहिली. तिथे इंग्रजी शिकवायला ज्या बाई होत्या त्यांना आम्ही सगळ्या आपा म्हणायचो. उंच, पांढरी ओढणी, हातात कधी छडी नाही. त्यांची रीत ठरलेली होती. जिला वाचायचं तिनं उभं राहायचं, हात पाठीमागे घ्यायचे. आपा वाक्य एकदा वाचत. मग क्षणभर गप्प राहायचं, म्हणजे त्यांचा आवाज कानात मुरतो. आणि मग आपण वाचायचं. वाक्याचा शेवट कुणी धाडकन तोडला, की त्या त्यांच्या दख्खनी बोलीत म्हणत, "लफ्जां पटको नक्को, बच्चियो. आहिस्ता रखो." भरलेलं पातेलं उतरवून जमिनीवर ठेवताना हात जसा शेवटपर्यंत सोबत जातो, तसा आवाज शेवटच्या शब्दासोबत खाली जायचा.

इथे शाळेत लागले तेव्हा मला दुसरी रीत ठाऊकच नव्हती. मुलांना उभं केलं, वाक्य वाचलं, थांबायला सांगितलं. वाक्य आपटू नका, ठेवा, असं म्हणत नोकरी संपत आली.

सरांची प्रयोगशाळा थंडगार होती. दारात चपला काढायच्या होत्या. यंत्रांवर सुती झाकणं होती आणि सगळे हळू बोलत होते. सर माझ्यापेक्षा वयानं लहान, नीटनेटके, वागायला सभ्य.

"बसा बाई," ते म्हणाले. "तुमच्यावर राग नाही. आई मुलीला मदत करतेच."

"मी खोलीत नव्हते."

"असेल." हा शब्द पुण्यात किती दारं बंद करतो ते मला ठाऊक होतं. "आपण एक करू. तुम्ही हे वाक्य वाचा. तुमच्या आवाजाची रेघ आणि त्या लोकांच्या आवाजाच्या रेघा पडद्यावर शेजारी लावू. मग बोलू."

एका विद्यार्थ्यानं माझ्यासमोर माइक ठेवला आणि हात वर करून खूण केली. मी वाचलं. वाचून झाल्यावर पाहते तर खोलीतले सगळे माझ्याकडे न बघता माझ्या मागे बघत होते. मी वळून पाहिलं. खुर्ची मागे सरकलेली होती. मी उभी होते. हात पाठीमागे होते.

"उभ्या का राहिलात?" सरांनी विचारलं.

"वाचायचं होतं ना," मी म्हणाले.

तुमच्या आईनं तोंडावर हात धरला. सरांनी माझा आवाज पुन्हा लावला. खुर्चीची कर्कर. शांतता. मग वाक्य. त्या शांततेत वाक्य वाचून दाखवणारं कुणीही नव्हतं, हे त्यांनी आत्ताच डोळ्यांनी पाहिलं होतं. पडद्यावर माझी रेघ हिरवी होती आणि तिच्याखाली गादीवाल्यांची. दोन्ही शेवटाला उतारावरच्या पाण्यासारख्या खाली गेल्या होत्या. आवाज दिसतो, हे मी त्या दिवशी पाहिलं.

सर प्रामाणिक होते. पटलं तेवढंच त्यांनी मान्य केलं. "ठीक आहे. हे तुमचे विद्यार्थी, ते उभे राहतात, त्यांची चाल तुमची आहे. पण हैदराबादचं काय? तिथल्या लोकांना तुम्ही शिकवलेलं नाही. मग यंत्र तुम्हाला त्यांच्यात का बसवतं? कुठेतरी गफलत आहेच."

"मी तिथे शिकले आहे."

"एकट्या माणसानं एवढा फरक पडत नाही हो."

"त्यांचे आवाज मला ऐकवता?"

ते आवाज तिकडच्या एका संस्थेनं घेऊन पाठवले होते. एका जुन्या मुलींच्या शाळेत जाऊन, तिथल्या शिक्षिका आणि माजी विद्यार्थिनी बोलावून. आमच्यापैकी कुणी तिथे गेलं नव्हतं, आणि सरांनी ते आवाज कधी स्वतःच्या कानांनी ऐकले नव्हते. सरांनी यंत्रावर बोटं चालवली. पेटीतून आधी थोडी खरखर आली.

मग खुर्ची सरकली.

सरांचा हात हवेत थांबला. पेटीत शांतता होती, तेवढीच, जेवढी हवी. मग एका वयस्क बाईंचा आवाज आला. प्लीज क्लोज द विंडो, द विंड इज कोल्ड. शेवटचा शब्द त्यांनी ठेवला.

त्या बाईंना मी कधी पाहिलं नाही. नाव मला आजही ठाऊक नाही. पण माझे हात आपोआप पाठीमागे गेले आणि मान खाली झाली, कारण वर्गात आपा शिरल्या होत्या.

सरांनी दुसरा आवाज लावला. खुर्ची. तिसरा लावला. खुर्ची. इतके दिवस त्या फितींवर तो आवाज होता, आणि हैदराबादच्या संस्थेनं तो बिनकामाचा समजून त्याकडे लक्ष दिलं नसावं.

बाळांनो, आपा जाऊन तेव्हा कितीतरी वर्षं झाली होती. त्यांचा एक फोटोसुद्धा माझ्याकडे नाही. त्यांचा आवाज कुणी कधी फितीवर घेतला नाही. तुमच्या आजोबांना मी तो कसा होता हे सांगायचा प्रयत्न केला होता आणि मला ते जमलं नव्हतं. आणि इथे एका पेटीनं, जिला मराठी-उर्दू माहीत नाही, कुठलं राज्य कधी गेलं ते माहीत नाही, अंबाजोगाईच्या एका गादीवाल्याचा आणि हैदराबादच्या एका म्हाताऱ्या बाईंचा आवाज ऐकून दोघांना शेजारी बसवलं होतं. दोघांनी एकमेकांचं गावही पाहिलं नसेल. त्यांच्यामध्ये उभी होती ती बाई पेटीनं ओळखली होती. आणि मग मला पुढचा विचार सुचला. आपांनाही कुणीतरी शिकवलं असेल. त्या कुणापुढे उभ्या राहिल्या असतील, कुणाच्या आवाजासाठी थांबल्या असतील, ते मला माहीत नाही. पण ते माणूसही त्या पेटीत होतं.

सरांनी पेटी बंद केली. "आम्ही यंत्राला विचारत होतो, हा माणूस कुठला. ते बिचारं सांगत होतं, याला कुणी शिकवलं."

मग ते उठले, तुमच्या आईसमोर जाऊन उभे राहिले आणि ज्या खोलीत ते भेसळ म्हणाले होते त्याच खोलीत, त्याच मुलांसमोर, त्यांनी तिची माफी मागितली. तुमची आई तेव्हा रडली. आधी रडली नव्हती.

सही लगेच झाली नाही. सरांनी तिच्याकडून एक प्रकरण नव्यानं लिहून घेतलं. यापुढे आवाज घेताना गाव आणि मातृभाषा यांच्याबरोबर इंग्रजी कुणाकडून शिकलात हेही विचारावं, असं त्यात होतं. मग त्यांनी सही केली आणि पत्र दिलं, आणि पत्र चांगलं दिलं.

मी परत आले तेव्हा गादीवाले दुकानात नव्हते. दोन दिवसांनी भेटले.

"कपिलधारला गेलतो मॅडम. काय झालं मग? आमचा आवाज पुण्यात पास का नापास?"

"पास. पण तुम्हा सगळ्यांची उत्तरं सारखी निघाली."

"म्हंजे कॉपी केली म्हणा की!"

"तेच म्हणत होते," मी म्हणाले, आणि त्यांना मी एवढी का हसते आहे ते कळेना. मग सगळं सांगितलं. ऐकता ऐकता त्यांनी हातातली सुई गादीत खोचून ठेवली. मग म्हणाले, "त्या आपांना आमी कधी बघितलं न्हाई. पण त्येंच्यापुढं उभं राहिलो म्हणायचं."

पुढच्या वर्षी तुमची आई परदेशी गेली. ज्या सहीसाठी मी पुण्याला गेले, त्याच सहीनं तिला तिकडे नेलं, आणि म्हणून तुम्ही तिकडे आहात. मी ते तेव्हाही जाणून होते.

आता त्या खोलीत कापूस नाही. फोमच्या गाद्या आल्या, त्या रचून ठेवतात. लाईट फारशी जात नाही आणि गिरणी बंद झाली. रेकॉर्डर संस्थेला परत गेला, फितींचं काय झालं ते तुमच्या आईलाही ठाऊक नाही. गादीवाले गेले. दुकान त्यांचा मुलगा बघतो. तो माझ्याकडे शिकायला नव्हता. त्याला शाळेत इंग्रजी शिकवलं ते माझ्या एका विद्यार्थिनीनं. परवा मी उशी आणायला गेले, तेव्हा तो कुठल्याशा लांबच्या कंपनीशी फोनवर इंग्रजीत बोलत होता. गल्ल्यामागची खुर्ची मागे सरकलेली होती आणि तो उभा होता. वाक्य संपवताना त्यानं शेवटचा शब्द खाली ठेवला.

आपांचं तेवढं अजून आहे.